वाचकांचे प्रश्न : फिश टँकचे पाणी आणि त्यावरचा उजेड

जिवंत वनस्पती लावलेल्या गोड्या पाण्याच्या टाक्यांविषयी या वेळी बरीच पत्रे आली. जवळजवळ प्रत्येक पत्रात दिवा कोणता घ्यावा हा प्रश्न आधी होता आणि पाण्याचा उल्लेख, असलाच तर, शेवटच्या ओळीत होता. माझ्या मते क्रम याच्या उलट असावा. आपल्या एकाच बेळगाव जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीकडचे, धो-धो पावसाचे आणि जांभ्यातून झिरपलेले मऊ पाणी आहे, तसेच अथणी-चिकोडीकडच्या काळ्या रानातले बोअरचे जड पाणीही आहे. या दोन पाण्यांना एकच दिवा, एकच खत आणि एकच वनस्पती चालणे शक्य नाही. म्हणून पुढची उत्तरे देताना मी प्रत्येकाच्या पाण्यापासून सुरुवात केली आहे.

प्रश्न : आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. पाणी शेतातल्या बोअरचे आहे. तपासणी संचाने मोजले तेव्हा एकूण जडपणा म्हणजे जीएच २२ अंश, पाण्याची आम्ल सोसण्याची ताकद म्हणजे केएच १४ अंश आणि पीएच ८.२ आला. वाढ चांगली व्हावी म्हणून ४० वॅटचा एलईडी दिवा बसवला असून तो रोज ११ तास लावतो. तरीही रोटालाची कोवळी पाने पिवळी पडली, व्हॅलिस्नेरियाच्या पानांवर पांढरी खर धरली आणि आता सगळीकडे दोऱ्यासारखे शेवाळ माजले आहे. दिवा आणखी वाढवावा का?
— एक वाचक, अथणी तालुका

उत्तर : दिवा वाढवू नये; तो निम्म्याहून कमी करावा. तुमचे तिन्ही त्रास एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे ते एकत्रच समजून घ्यावे लागतील.

आधी ती पांढरी खर पाहू. व्हॅलिस्नेरियाचे एक पान काढून दोन बोटांत चोळून पाहा, ते खडूच्या भुकटीसारखे खरखरीत लागेल. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला तर बारीक बुडबुडे येतील. आंघोळीचे पाणी तापवायच्या बंबात आतून धरतो तोच हा चुना. फरक इतकाच की बंबात तो उष्णतेमुळे खाली बसतो आणि तुमच्या टाकीत वनस्पतीच तो खाली बसवते आहे. तो कसा, ते सांगतो. वनस्पतीला वाढीसाठी कर्ब लागतो आणि पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूतून तो सर्वांत सहज मिळतो. केएच १४ आणि पीएच ८.२ असलेल्या पाण्यात हा मोकळा वायू लिटरला जेमतेम अडीच-तीन मिलिग्रॅम असतो. बाकीचा सगळा कर्ब बायकार्बोनेटच्या रूपात अडकलेला असतो. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि हॉर्नवर्ट या वनस्पतींना बायकार्बोनेट फोडून कर्ब काढून घेता येतो. तसे करताना पानालगतच्या पाण्याचा पीएच चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट पानावरच जमते. रोटालासारख्या वनस्पतींना ही कला फारशी साधत नाही. त्यांच्यावर तुम्ही भरपूर उजेड पाडला आहे, परंतु कर्ब मात्र उपाशी राहण्याइतकाच आहे. वनस्पतींना वापरता न आलेला तो उजेड शेवाळाच्या कामी आला.

कोवळी पाने पिवळी पडण्याचे कारण तुमच्या भागातल्या कोणत्याही ऊस-बागायतदाराला एका शब्दात सांगता येईल. चुनखडीच्या रानात उसावर जो केवडा पडतो, तोच हा केवडा, म्हणजे लोहाच्या कमतरतेने येणारा पिवळेपणा आहे. लोह पाण्यात असते, पण चढ्या पीएचला ते गंजाच्या रूपात खाली बसते आणि वनस्पतीला मिळत नाही. जुनी पाने हिरवी आणि शेंड्याची पाने पिवळी असतील तर लोहाचाच संशय घ्यावा. बाजारात मिळणाऱ्या द्रवखतांपैकी ज्यात लोह ईडीटीए या रसायनाने बांधलेले असते ते पीएच ६.५ च्या वर फारसे टिकत नाही. डीटीपीएने बांधलेले लोह ७.५ च्या आसपासपर्यंत टिकते. तेव्हा बाटलीवरचे लेबल वाचूनच खत घ्यावे.

आता पाण्याचे काय करायचे ते पाहू. जडपणाचा १ अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. या हिशेबाने तुमचे २२ अंश ३९० च्या घरात जातात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट मर्यादा असून दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. म्हणजे हे पाणी माणसाला चालेल, फक्त तूरडाळ लवकर शिजणार नाही आणि साबणाला फेस येणार नाही. टाकीसाठी त्यात निम्मे पावसाचे किंवा आरओचे पाणी मिसळले तर जीएच ११ आणि केएच ७ होईल, आणि एवढ्यावर बहुतेक वनस्पती समाधानाने वाढतात. पावसाचे पाणी धरायचे असेल तर मोसमातल्या पहिल्या दोन-तीन सरी सोडून द्याव्यात आणि शक्यतो मंगळुरी कौलांवरचे पाणी धरावे, कारण नव्या स्लॅबवरून येणारे पाणी सिमेंटचा चुना सोबत आणते. हा बदल एका दिवसात करू नये. दर आठवड्याला टाकीतले पाव पाणी काढून त्या जागी मऊ पाणी भरावे आणि प्रत्येक वेळी केएच मोजावा, म्हणजे माशांना धक्का बसणार नाही. तो ७ वर आला की मऊ पाणी एकट्याने भरणे थांबवून पुढे निम्म्या-निम्म्या मिश्रणानेच पाणी बदलावे.

हा खटाटोप नको असेल तर दुसराही मार्ग आहे, आणि खरे सांगायचे तर मला तोच अधिक पटतो. पाणी आहे तसेच ठेवावे आणि त्याला मानवणारी वस्ती करावी. व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट, अनुबियास आणि क्रिप्टोकोरिनच्या काटक जाती या जड पाण्यात छान नांदतात, आणि गप्पी, मोली व प्लॅटी हे मासे तर अशाच पाण्यात खुलतात. रोटाला मात्र तुम्हाला सोडून द्यावा लागेल.

राहिला दिवा. तुमच्या टाकीचे आतले माप सुमारे ७० लिटर भरते. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी ५५ ते ६० लिटर असेल. चांगला एलईडी वॅटला १०० ल्युमेनच्या आसपास प्रकाश देतो, म्हणजे तुम्ही लिटरमागे ७० ल्युमेन ओतत आहात. वेगळा कार्बन डायऑक्साइड न सोडणाऱ्या टाकीला लिटरमागे १५ ते २५ ल्युमेन पुरतात. तुमच्याकडे १५ वॅटचा, ६५०० केल्विनचा पांढरा दिवा पुष्कळ झाला. आहे तोच वापरायचा असेल तर तो पाण्यापासून फूट-दीड फूट वर टांगावा आणि रोज सहाच तास लावावा. आधी हाताने, जुन्या दातब्रशला गुंडाळून जमेल तेवढे शेवाळ काढून टाकावे. ते काढल्याशिवाय नुसता दिवा कमी केल्याने फरक दिसायला फार वेळ लागतो.

प्रश्न : आम्ही दर रविवारी टाकीतले अर्धे पाणी काढून नळाचे ताजे पाणी भरतो. त्यानंतर तासाभरात मासे वर येऊन धापा टाकू लागतात. पावसाळ्यात पाणी गढूळ आले की सासूबाई पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवतात, ते निवळ पाणी टाकीत घातले तर चालेल का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल अशा दोन जलाशयांचे पाणी मिळते आणि ते जंतुनाशासाठी क्लोरिन घालूनच घरी येते. मानकाप्रमाणे नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असायलाच हवे. माणसाच्या पोटासाठी ते संरक्षण आहे, परंतु माशाच्या कल्ल्यांना एवढेही भाजते. शिवाय ते फिल्टरच्या स्पंजात वाढलेले उपयुक्त जिवाणू मारते, आणि त्याचा परिणाम दोन-तीन दिवसांनी अमोनिया वाढल्यावर कळतो. म्हणून पाणी आदल्या दिवशीच रुंद तोंडाच्या घमेल्यात किंवा बादलीत उघडे ठेवावे. त्यात हवेचा दगड, म्हणजे हवेच्या पंपाच्या नळीचे बुडबुडे सोडणारे टोक, सोडला तर क्लोरिन लवकर निघून जातो. तेवढा वेळ नसेल तर हायपो, म्हणजे क्लोरिन घालवणारे सोडियम थायोसल्फेट, वापरावा. मत्स्यसाहित्याच्या दुकानात त्याचे साखरेसारखे खडे मिळतात. १० ग्रॅम खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवावेत आणि १० लिटरच्या बादलीला १ मिलिलिटर एवढे घालून ढवळावे.

त्याशिवाय अर्धे पाणी बदलण्याची सवयही सोडावी. पाव भाग पुरेसा आहे, आणि नवे पाणी हाताला टाकीच्या पाण्याइतकेच गार-कोमट लागले पाहिजे.

तुरटीचे पाणी टाकीत घालू नये. तुरटी पाण्यातला गाळ एकत्र करून खाली बसवते हे खरे, पण ते करताना ती पाण्याची आम्ल सोसण्याची ताकद, म्हणजे केएच, खाते. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातून येणाऱ्या पाण्यात ही ताकद मुळातच थोडी असते. पीएच घसरला की तुरटीतले अॅल्युमिनियम विरघळलेले राहते आणि कल्ल्यांवर बसते. गढूळ पाणी रात्रभर स्थिर ठेवून वरचे निवळ पाणी दुहेरी धोतराच्या फडक्यातून गाळून घ्यावे. थोडा मातकटपणा उरला तरी फिल्टरमधला कापूस तो दोन दिवसांत धरून घेतो, आणि त्या मातकटपणाने मासे आजारी पडत नाहीत.

प्रश्न : झाडे नीट वाढेनात म्हणून मी विहिरीच्या जड पाण्याच्या साठ लिटरच्या टाकीत शेतातले १९:१९:१९ चे खत चिमूटभर टाकले. दुसऱ्या दिवशी चार मासे मेले आणि आठवड्याभरात पाणी पालकाच्या रसासारखे हिरवे झाले. खत पानांवर फवारतो तेव्हा काही होत नाही, मग टाकीत असे का झाले?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : मासे गेल्याचे वाचून वाईट वाटले. दोष खताच्या प्रमाणाइतकाच त्यातल्या नत्राच्या रूपाचा आहे. या खतातला बराचसा नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. रानात तो मातीला चिकटतो, हवेशी खेळतो आणि पीक तो हळूहळू घेते. साठ लिटर पाण्यात माशांना त्यापासून दूर जायला जागा नसते. अमोनियाची विषारी बाजू पीएचवर अवलंबून असते, पीएच एका अंकाने चढला की विषारी भाग जवळजवळ दहापटीने वाढतो. जड, चढ्या पीएचच्या पाण्यात चिमूटभर खतही म्हणूनच जीवघेणे ठरते. उरलेल्या अमोनियावर आणि स्फुरदावर तरंगते शेवाळ पोसले गेले. पाण्याला आलेला हिरवा रंग त्याचाच आहे.

उरलेले मासे वाचवायचे असतील तर आजपासून चार दिवस रोज निम्मे पाणी, क्लोरिन नसलेले, बदलावे, खाद्य पूर्ण बंद ठेवावे आणि हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. वर मी पाव भागच बदला असे सांगितले आहे. विषबाधा हा त्याला एकमेव अपवाद समजावा. अमोनिया शून्यावर आला की दिवा बंद करून टाकी जाड घोंगड्याने चारही बाजूंनी झाकावी आणि तीन ते चार दिवस उघडून पाहू नये. पंप चालूच ठेवावा, कारण मरणारे शेवाळ पाण्यातला प्राणवायू खाते. त्यानंतर पुन्हा निम्मे पाणी बदलावे. वनस्पतींना एवढा अंधार सोसतो, तरंगत्या शेवाळाला बहुधा सोसत नाही.

कृषी सेवा केंद्रातले खत टाकीत मुळीच चालत नाही असे मात्र नाही. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट; त्यातला नत्र नायट्रेटच्या रूपात असतो आणि ते मासे बऱ्यापैकी सहन करतात. ६० लिटर पाण्यात १ ग्रॅम टाकले तर नायट्रेट लिटरला सुमारे १० मिलिग्रॅमने आणि पालाश सहा-साडेसहा मिलिग्रॅमने वाढतो. डोळ्यांच्या अंदाजाने टाकू नये. सोनारी काट्यासारखा छोटा डिजिटल काटा घ्यावा. परंतु त्याआधी तुमच्या विहिरीचे नायट्रेट मोजावे, कारण उसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे दिलेल्या खताचा अंश खालच्या पाण्यात उतरलेला असू शकतो. ते आधीच ३०-४० असेल तर नत्र देण्याची गरजच नाही. तसे असेल आणि जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोके पडत असतील, तर कमतरता फक्त पालाशची असते. तिला ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट पुरते.

प्रश्न : घराच्या आडाचे पाणी वापरतो. केएच १ अंश आहे. साखर आणि यीस्टची बाटली जोडून कार्बन डायऑक्साइड सोडतो, झाडे सुंदर वाढली आहेत, पण पहाटे मासे पृष्ठभागाला तोंड लावून असतात आणि पीएच ६ वर येतो. केएच वाढवण्यासाठी खाण्याचा सोडा घालावा का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : तुमचे पाणी हे वनस्पतिप्रेमींना हेवा वाटावा असे आहे, फक्त त्याला सांभाळावे लागते. दिवसा वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेतात आणि प्राणवायू देतात. दिवा मालवला की त्याही माशांसारख्याच श्वास घेऊ लागतात. यीस्टला दिवस-रात्र कळत नाही, त्यामुळे बाटलीतला वायू रात्रभर साचत जातो. केएच १ असताना पीएच ६ वर येणे म्हणजे पाण्यात लिटरला जवळजवळ ३० मिलिग्रॅम वायू असणे. वनस्पतींसाठी दिवसाची ही कमाल मर्यादा आहे आणि तुम्ही तिथे पहाटे पोचता, जेव्हा प्राणवायू सर्वांत कमी असतो.

सोडा घातल्याने पीएचचा आकडा चढेल, पण साचलेला वायू तेवढाच राहील आणि मासे तसेच धापा टाकतील. हे नीट लक्षात घ्यावे, कारण आकडा सुधारला की आपण निश्चिंत होतो. उपाय दोन आहेत. दिवा बंद झाल्यापासून सकाळी लागेपर्यंत हवेचा पंप चालवून पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवावा, आणि बाटलीत यीस्ट निम्मे करावे. यीस्टचा जोर उन्हाळ्यात वाढतो, हेही ध्यानात असू द्यावे.

केएच थोडा वाढवणे वेगळ्या कारणासाठी गरजेचे आहे. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होते, आणि ते रोज थोडा थोडा केएच खाते. तो संपला की पीएच एकदम कोसळतो आणि जिवाणूंचे कामही मंदावते. ६० लिटरला १ ग्रॅम सोड्याने केएच सुमारे अर्ध्या अंशाने वाढतो. तीन दिवसांआड १ ग्रॅम असे करत तो ३ वर न्यावा. याहून मला आवडणारा उपाय म्हणजे फिल्टरमध्ये मूठभर शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत ठेवणे. पाणी आम्लाकडे झुकले की तो आपोआप विरघळतो आणि झुकले नाही तर तसाच राहतो.

तळाला आपल्याकडची तांबडी माती घालू का, असेही तुम्ही विचारले आहे. तिच्यात लोह भरपूर असते, म्हणून एक इंच थर द्यायला हरकत नाही, मात्र त्यावर दोन इंच धुतलेली वाळू हवीच. शेणखत मिसळलेली बागेतली माती नको. एक विनंती आहे, भीमगड अभयारण्यातल्या ओढ्यांतून वनस्पती किंवा मासे आणू नयेत. तिथून काहीही उचलणे कायद्याने गुन्हा आहे. त्याचप्रमाणे टाकीतली छाटलेली झाडे ओढ्यात किंवा आडात टाकू नयेत, ती वाळवून कुंडीत घालावीत.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी नवी टाकी सुरू केली. काचेवर तपकिरी भुकटीसारखा थर येतो. दिवा रोज किती तास लावावा? मध्येच वीज गेली तर?
— एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : हा तपकिरी थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा आहे. नव्या टाकीत तो येतोच आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपला आपण जातो. मऊ कापडाने काच पुसत राहा, औषध घालू नकोस. टाकीतले जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासे थोडेच ठेव, आणि आठवड्यातून दोनदा अमोनिया व नायट्राइट मोज. दोन्ही शून्य आल्याशिवाय नवे मासे आणू नकोस.

पहिले दोन महिने दिवा रोज सहा तास पुरे, नंतर हवे तर आठ तास कर. वेळ रोज तीच हवी. प्लगचा टायमर हे काम माणसापेक्षा चांगले करतो. टाकीवर खिडकीतले थेट ऊन पडत असेल तर तिची जागा बदल. ऊन मोजता येत नाही, बंदही करता येत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये ते पाणी तापवते. पावसाळी अंधाऱ्या दिवसांत तास वाढवायची गरज नाही.

वीज गेली तर दिव्याची चिंता करू नकोस, एखादा दिवस अंधार झाला म्हणून झाडांचे काही बिघडत नाही. चिंता फिल्टरची करावी. वाहते पाणी थांबले की बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू काही तासांत गुदमरू लागतात. हवेच्या छोट्या पंपाला दोन-चारच वॅट लागतात, तो घरच्या इन्व्हर्टरला जोडून ठेव. फिल्टर चार-पाच तासांहून अधिक बंद राहिला असेल तर वीज आल्याबरोबर तो सुरू करू नकोस. आधी उघडून त्यातले कुबट पाणी मोरीत ओत आणि स्पंज टाकीतून काढलेल्या मगभर पाण्यात हलक्या हाताने खळबळून घे. त्यासाठी नळाखाली धरू नकोस, क्लोरिनने उरलेले जिवाणूही जातील.